रेचेल कार्सन आणि आगमुंगीचा हिशेब

१९५७ साली अमेरिकेच्या संघीय कृषिखात्याने एका मुंगीविरुद्ध युद्ध पुकारले. ही मुंगी मूळची दक्षिण अमेरिकेतली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती जहाजांतून अलाबामा राज्यातील मोबील बंदरात उतरली आणि तेथून दक्षिणेकडच्या राज्यांत पसरत गेली. तिचा दंश अंगाला निखारा लागावा तसा भाजतो, म्हणून तिचे नाव फायर अँट, म्हणजे आगमुंगी. कुरणांत आणि शेतांत ती मातीची मोठमोठी वारुळे उभारते. त्यांत कापणीची यंत्रे अडकतात, आणि वारुळावर चुकून पाय पडला तर शेकडो मुंग्या एकदम चढतात. उपद्रव खरा होता. पण तो किती, हा प्रश्न वेगळा. अलाबामात या मुंगीचा मुक्काम सर्वांत जुना. तेथील पॉलिटेक्निक संस्थेच्या कीटकशास्त्र विभागाकडे मात्र पाच वर्षांत पिकांच्या नुकसानीची एकही तक्रार आलेली नव्हती.

तरीही कृषिखात्याने ठरविले ते नियंत्रण नव्हे, तर उच्चाटन. नऊ राज्यांतील सुमारे दोन कोटी एकर जमिनीवर डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर ही विषे प्रामुख्याने विमानांतून पसरावयाची, प्रमाण एकरी दोन पौंड. ही विषे डी.डी.टी.पेक्षा कितीतरी पटींनी जहाल आहेत हे ठाऊक होते, आणि डी.डी.टी. एकरी एक पौंड टाकल्यानेही पक्षी व मासे मेल्याचे दाखले होते. लोकमत अनुकूल करण्यासाठी खात्याने एक चित्रपटही काढला. पहिल्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, सुमारे दहा लाख एकरांवर विष पडले.

या मोहिमेचा हिशेब पुढे ज्या व्यक्तीने मांडला ती अर्थशास्त्रज्ञ नव्हती, किंवा कीटकशास्त्रज्ञही नव्हती. रेचेल कार्सन या प्राणिशास्त्राच्या पदवीधर, सरकारी नोकरीत सोळा वर्षे काढलेल्या आणि समुद्रावरील पुस्तकांमुळे नावारूपाला आलेल्या लेखिका होत्या. त्यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हानियातील स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. आई मरिया हिने मुलीला रानावनाची आणि पुस्तकांची गोडी लावली. वयाच्या अकराव्या वर्षी रेचेलची एक गोष्ट मुलांच्या एका प्रसिद्ध मासिकात छापून आली होती. महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेऊन ती शिकू लागली, पण मध्येच जीवशास्त्राकडे वळली. १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून तिने एम.ए. केले. पुढे डॉक्टरेटचा विचार होता. तो मंदीच्या त्या काळात पैशाअभावी सोडावा लागला. १९३५ साली वडील वारले. दोन वर्षांनी मोठी बहीण वारली आणि तिच्या दोन मुलींचा भार आई व रेचेल यांच्यावर आला.

पोटासाठी तिने मत्स्यव्यवसाय खात्यात रेडिओवरील भाषणांच्या संहिता लिहिण्याचे काम धरले, आणि १९३६ साली स्पर्धापरीक्षेत पहिली येऊन त्याच खात्यात कायम झाली. सरकारी कचेरीत बसून इतरांची अहवाली भाषा सुधारणे हे काम कंटाळवाणे वाटेल. कार्सनबाईंना त्याचा उपयोग झाला. अहवालात काय लिहिलेले असते आणि काय गाळलेले असते, हे ओळखण्याची नजर या काळात तयार झाली. १९४९ साली त्या खात्याच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. १९५१ सालचे समुद्रावरील त्यांचे दुसरे पुस्तक छ्याऐंशी आठवडे खपाच्या यादीत राहिले. मग १९५२ साली त्यांनी राजीनामा दिला. कारकुनी करीत वाढलेल्या मनुष्याला असा राजीनामा किती आनंदाचा असेल, हे सांगावयास नको.

विषाच्या प्रश्नाकडे त्या काही एकाएकी वळल्या नाहीत. १९४५ सालीच त्यांनी डी.डी.टी.च्या चाचण्यांवर लेख लिहिण्याची तयारी एका मोठ्या मासिकाला कळविली होती. मासिकाला तो विषय रुचला नाही. १९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील ओल्गा हकिन्स या परिचित बाईंनी, डासांसाठी झालेल्या फवारणीनंतर आपल्या आवारातील पक्षी कसे मेले, हे कळविले. त्याच हिवाळ्यात दक्षिणेत आगमुंगीची मोहीम चालू होती. दोन्हींचे धागे एकच होते.

१९६२ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणात आगमुंगीची हकीकत येते. पुस्तकाची चर्चा करताना लोक गाणाऱ्या पक्ष्यांविषयी बोलतात. हे प्रकरण मात्र जमाखर्चाचे आहे, आणि कोणत्याही हिशेबनिसाने ते वाचावे अशा योग्यतेचे आहे. कार्सनबाईंनी तेथे तीन आकडे शेजारी-शेजारी ठेवले. एकेका वारुळावर औषध टाकण्याचा खर्च एकरी सुमारे एक डॉलर. मिसिसिपीच्या शेतकी संशोधन केंद्राने वारूळ सपाट करून त्यातच औषध सोडणारे अवजार बनविले होते. त्याने नव्वद ते पंचाण्णव टक्के मुंग्या आटोक्यात येत, खर्च एकरी तेवीस सेंट. आणि सरकारी मोहिमेचा खर्च एकरी साडेतीन डॉलर. त्यांनी गुणाकार केला नाही. तो कोणीही करून पाहावा. दोन कोटी एकरांचे साडेतीन डॉलरप्रमाणे सात कोटी होतात, एक डॉलरप्रमाणे दोन कोटी, आणि तेवीस सेंटप्रमाणे अवघे शेहेचाळीस लाख. मेलेली गुरे, पक्षी आणि मासे यांची किंमत सात कोटींत धरलेलीच नाही.

एकेका वारुळाचा बंदोबस्त करण्याचा एक साधा मार्ग म्हणजे आळवणी. पाण्यात औषध कालवून ते वारुळावर ओतावयाचे, आणि इतके ओतावयाचे की ते खाली राणीपर्यंत पोहोचेल. राणी जिवंत राहिली तर वरच्या हजारो कामकरी मुंग्या मारून काही साधत नाही. सकाळच्या उन्हाने वारुळाचा माथा कोमट झाला की मुंग्या पिलावळ घेऊन वर येतात. ती वेळ साधली तर थोड्या औषधात काम होते. वारुळाला आधी धक्का लागला तर राणीला खाली नेले जाते. नुसते कढत पाणी दोन-तीन गॅलन ओतले तरी सुमारे साठ टक्के वारुळे मरतात, असे टेक्सासमधील शेतकी सल्लागार सांगतात.

अशी औषधे पारखण्याची रीत डोळसपणाची आहे. शेतातली वारुळे मोजून त्यांना खुणा करावयाच्या. काहींत औषधाचे पाणी, काहींत नुसते पाणी, आणि काहींना हातच लावावयाचा नाही. मग काही दिवसांनी आणि काही आठवड्यांनी जाऊन काडीने डिवचून पाहावयाचे, मुंग्या निघतात की नाही. निघाल्या नाहीत म्हणून लगेच आनंद मानावयाचा नाही. चार पावलांवर नवे वारूळ उठले असेल तर वसाहत मेली नाही, तिने फक्त बिऱ्हाड हलविले. या सगळ्यात स्वस्त आणि मोलाचे असते ते हात न लावलेले वारूळ. दुष्काळाने किंवा थंडीने मुंग्या आपोआप कमी झाल्या असतील तर ते तेच सांगते. कृषिखात्याच्या कोट्यवधींच्या योजनेत नेमक्या या फुकटच्या वारुळाला जागा नव्हती. शेतात या विषांचा अनुभव फारसा नव्हता. तो मिळविण्याआधीच विमाने उडाली.

परिणाम ज्यांनी मोजावयाचे त्यांनी मोजले. अलाबामातील ३,६०० एकरांच्या एका टापूत बॉबव्हाइट या लाव्याच्या जातीच्या पक्ष्यांचे तेरा थवे होते. विष पडल्यानंतर पंधरवड्यात तेथे केवळ मेलेले पक्षी सापडत होते. हेप्टाक्लोर जमिनीत, गवतात आणि प्राण्यांच्या अंगात बदलून अधिक विषारी रूप घेते, हे लक्षात आले, आणि १९५९ च्या अखेरीस अन्न व औषध प्रशासनाने अन्नात त्याचा अंशही चालणार नाही असे ठरविले. मग कृषिखात्याने प्रमाण दोन पौंडांवरून सव्वा पौंडावर, आणि पुढे दोन वेळा मिळून अर्ध्या पौंडावर आणले. चौथाई विषात काम भागत होते तर आधीचे तीन भाग कशासाठी, हा प्रश्न करदात्याने विचारावयास हरकत नव्हती.

१९५९ सालीच टेक्सासमधील जमीनमालकांना हे विष फुकट देऊ करण्यात आले. अट एवढीच, की नुकसानीबद्दल संघीय, राज्य किंवा स्थानिक सरकारांना जबाबदार धरणार नाही असे लिहून द्यावे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, म्हणजे करणाऱ्याने केलेला आणि दुसऱ्याने सोसलेला, त्याची इतकी उघड दस्तऐवजी क्वचितच झाली असेल. अलाबामाने त्याच वर्षी आपल्या वाट्याचा पैसा देण्याचे नाकारले. लुइझियानात मोहिमेनंतर मुंगीग्रस्त जमीन पूर्वीपेक्षा वाढल्याचे तेथल्या विद्यापीठातील कीटकशास्त्रप्रमुखांनी जाहीर केले. फ्लोरिडा उच्चाटनाचा नाद सोडून स्थानिक नियंत्रणाकडे वळले.

कार्सनबाईंना विषमात्राची शत्रू ठरविण्याचा उद्योग त्यांच्या हयातीतच सुरू झाला आणि तो आजही पुरता संपलेला नाही. आगमुंगीचे प्रकरण वाचले असते तर हा आरोप करणे अवघड गेले असते. तेथे त्या ज्या उपायाची बाजू घेतात तोही रासायनिकच आहे. त्यांची मागणी होती ती वारुळावर औषध टाका, जिल्ह्यावर टाकू नका, एवढीच. अर्थात त्यांच्या बाजूने बोलतानाही एक गोष्ट झाकू नये. वारुळावार आळवणी हे काम कष्टाचे आहे. एका वसाहतीत अनेक राण्या असल्या तर एकरी दोनशेहून अधिक वारुळे होतात. तेथे बादली घेऊन हिंडणे परवडत नाही. लहान वसाहतींचे वारूळ डोळ्यांना दिसतही नाही, आणि शेजारच्या शेतातून उडत आलेली नवी राणी पुन्हा संसार मांडते. एकरी एक डॉलरचा आकडा सर्वत्र आणि दरवर्षी लागू पडला असता, असे म्हणता येणार नाही. मात्र साडेतीन डॉलरच्या उपायानेही मुंगी हटली नाही, हे तितकेच खरे.

हे लिखाण चालू असताना लेखिकेच्या घरी काय चालले होते, ते वाचकांना कळले नाही. १९५७ साली भाची वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला त्यांनी दत्तक घेतले. १९५८ च्या डिसेंबरात आई गेली. १९६० च्या वसंतात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि रोगाचे खरे स्वरूप डॉक्टरांनी त्यांना प्रारंभी सांगितलेही नाही. सत्य कळल्यावर त्यांनी ते लपवून ठेवले. आजारी बाईने आजाराच्या भरात रसायनांवर राग काढला, असे म्हणावयास कोणाला संधी मिळू नये, ही त्यामागची काळजी होती. शस्त्रक्रिया, क्ष-किरणांचे उपचार आणि सांधेदुखी यांतून पुस्तक पुरे झाले. त्याच्या आधारसाहित्याची यादीच पन्नासांहून अधिक पृष्ठांची आहे.

हेप्टाक्लोर बनविणाऱ्या वेल्सिकॉल कंपनीने प्रकाशकांना कायदेशीर कारवाईची भीती घातली. लेखिका अविवाहित असल्याचीही चर्चा झाली, जणू अविवाहित बाईला गुणाकार करता येत नाही. १९६३ च्या मे महिन्यात अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने अहवाल दिला आणि पुस्तकातील मुख्य प्रतिपादन बरोबर ठरविले. जूनमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष देताना कार्सनबाईंना फार वेळ उभेही राहवत नव्हते. १४ एप्रिल १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, मेरिलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

आगमुंगीविरुद्धचे युद्ध त्यांच्यानंतरही चालू राहिले. विष बदलले, पद्धत बदलली. मायरेक्स या नव्या औषधाचे आमिष विमानांतून पसरण्यात आले, आणि त्याचे अंश प्राण्यांत व माणसांत सापडल्यावर सत्तरीच्या दशकाअखेर तेही बंद झाले. मुंगीने दक्षिणेकडची राज्ये मिळून तीस कोटींहून अधिक एकर व्यापले. हेप्टाक्लोरची अमेरिकेतील विक्री १९८८ साली थांबविण्यात आली, पण एका कामाला त्यातूनही मुभा राहिली. जमिनीखालच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेट्यांत आगमुंग्या घर करतात. त्या बंद पेटीत, तेवढ्याच जागेत, ते वापरता येत असे.