गोदी कामगारांचे मध्यस्थ : कार्डिनल मॅनिंग

वाद कारखान्यातला असो वा शेजारच्या बांधाचा, तो पुष्कळदा मूळ मागणीपेक्षा मानापमानावरच अडून बसतो. दोन्ही पक्षांना मान राखून मागे येण्याची वाट हवी असते. ती वाट दाखविणाऱ्या एका वृद्ध धर्माचार्याचे जीवन आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हेन्री एडवर्ड मॅनिंग यांचा जन्म १५ जुलै १८०८ रोजी इंग्लंडमधील टॉटरिज येथे झाला. वडील वेस्ट इंडीजशी व्यापार करणारे धनिक होते. पुढे त्यांचे दिवाळे निघाले. ऑक्सफर्डला शिकलेले हेन्री अँग्लिकन धर्मगुरू झाले. त्यांनी विवाह केला. परंतु १८३७ मध्ये पत्नीचे निधन झाले. दीर्घ आत्मशोधनानंतर १८५१ मध्ये त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. १८६५ मध्ये ते वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप व १८७५ मध्ये कार्डिनल झाले. त्यांच्या प्रजेत गरीब आयरिश मजुरांचा भरणा मोठा होता आणि त्यांतील अनेकजण लंडनच्या गोदीत राबत.

या गोदीतले काम रोजंदारीचे होते. रोज सकाळी फाटकावर मजुरांची झुंबड उडे. काम मिळालेच तर कधी तासा-दोन तासांचे. १४ ऑगस्ट १८८९ रोजी संप सुरू झाला. बेन टिलेट, जॉन बर्न्स व टॉम मान हे त्याचे पुढारी होते. ताशी सहा पेन्स मजुरी आणि एकदा कामावर घेतले की किमान चार तासांचा रोज, या प्रमुख मागण्या होत्या. गोदी कंपन्या हटेनात आणि मजुरांच्या घरी चुली पेटेनात.

मॅनिंग तेव्हा ८१ वर्षांचे होते. ते प्रथम स्वतः कंपनीच्या संचालकांकडे गेले. यश आले नाही. नंतर लंडनचे लॉर्ड मेयर, अँग्लिकन बिशप टेंपल आदींसह मध्यस्थ समिती उभी राहिली. सहा पेन्सचे तत्त्व कंपन्यांनी मानले. परंतु वाढ १ जानेवारीपासून देऊ म्हणाल्या. कामगारांनी ते फेटाळले. बोलणी फिसकटली आणि बिशप टेंपल लंडन सोडून गेले. कार्डिनल मात्र थांबले नाहीत. १० सप्टेंबर रोजी पॉप्लर येथील कॅथलिक शाळेत संप समितीसमोर त्यांनी काही तास शांतपणे विनवणी केली. ४ नोव्हेंबर ही मधली तारीख त्यांनी सुचविली. कंपन्यांना अवधी मिळत होता आणि मजुरांच्या हाती नाताळापूर्वी वाढीव पैसा पडत होता. समितीने ती मान्य केली. १४ सप्टेंबरला समेट झाला आणि १६ तारखेला गोदी पुन्हा गजबजली.

१८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांचे कामगारविषयक विश्वपत्र ‘रेरुम नोव्हारुम’ प्रसिद्ध झाले, त्याचे मॅनिंग यांनी मनापासून स्वागत केले. १४ जानेवारी १८९२ रोजी ते निवर्तले. अंत्ययात्रेला लंडनच्या गोरगरिबांनी अलोट गर्दी केली होती.

मॅनिंग यांची सहानुभूती मजुरांकडे होती, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही दोन्ही दारे त्यांना उघडी राहिली, कारण कोणालाही हरविण्यासाठी ते गेले नव्हते. आपल्या धर्मग्रामातही बांधावरून, पाण्यावरून, पगारावरून अबोले धरलेली माणसे आहेत. त्यांच्यातील अंतर कित्येकदा एखाद्या तारखेएवढेच असते. ते मोजायला कोणीतरी दोन्ही घरांच्या पायऱ्या चढायला हव्यात. पहिल्या दारी नकार मिळाला तरी दुसऱ्या खेपेस जायला हवे.