वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर – ८ एप्रिल १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योगपती होते. जहाजवाहतूक, जहाजबांधणी, विमाननिर्मिती आणि मोटारनिर्मिती या क्षेत्रांत भारतीय भांडवलावर उद्योग उभारणाऱ्या आरंभीच्या उद्योजकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

त्यांचे दिगंबर जैन घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. सोलापुरात या कुटुंबाची सावकारीची पेढी व कापसाचा व्यापार होता; परंतु वालचंदांचे मन पेढीत रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. फाटकांपाशी कामाची जाण होती, भांडवल नव्हते; वालचंदांच्या पाठीशी पेढीची पत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून या भागीदारीचा आरंभ झाला. नव्या धंद्याला सुरुवातीचे भांडवल देणाऱ्या संस्था त्या काळी देशात जवळजवळ नव्हत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या जोडीचे मोल कळते. जाणकाराचे कसब आणि आपली पत यांची सांगड घालण्याची ही रीत वालचंदांनी पुढे आयुष्यभर अनुसरली.

सिंदिया कंपनी

१९१९ साली नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या कंपनीची कोंडी केली. अखेर १९२३ मध्ये करार होऊन सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते समाधान मानावे लागले. ही तडजोड अपमानास्पद वाटली तरी कंपनी तगली ती तिच्यामुळेच. १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंद तिचे अध्यक्ष होते.

विमाने आणि जहाजबांधणी

१९३९ साली विमानप्रवासात त्यांची अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालविणाऱ्या पॉलींचे तांत्रिक साहाय्य त्यांनी मिळविले. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, भांडवलातही वाटा उचलला आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. युद्ध पेटले होते, सरकारला विमाने हवी होती. तरीही, किंबहुना म्हणूनच, १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला.

विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले. १९५२ मध्ये या गोदीचेही नियंत्रण सरकारकडे गेले. परकीय सरकार असो वा स्वकीय, दोन्ही वेळा उद्योग टिकला आणि उभारणारा बाजूला झाला. वालचंदांच्या योजना त्यांच्या भांडवलापुढे धावत, हेही त्याचे एक कारण मानावे लागते.

१९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी काढल्या. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर व मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथील साखर कारखानेही त्यांचेच.

अखेरची वर्षे

१९४९ मध्ये पक्षाघात झाल्यावर १९५० साली ते निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. सांगली व सोलापूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाचा ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.