मुलांसाठी इतिहास लिहिणारे ह्रुशेव्स्की



इतिहासाच्या पुस्तकाला कव्हर घालता घालता मी गुरुजींना विचारलं, की हा इतिहास मुळात लिहितं कोण? तेव्हा गुरुजींनी युक्रेन देशाच्या मिखाइलो ह्रुशेव्स्की यांची माहिती सांगितली. तीच येथे देत आहे.

त्यांचा जन्म २९ सप्टेंबर १८६६ रोजी खोल्म गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील शिक्षक होते. त्यांनीही शाळेसाठी एक पुस्तक लिहिले होते व ते पुष्कळ खपले. म्हणजे पुस्तकाचं काम घरातच होतं म्हणा ना!

त्या वेळी युक्रेनचा बराच भाग रशियाच्या झारच्या ताब्यात होता. झार म्हणजे तिकडचा बादशहा. घरी युक्रेनी बोलायचं आणि शाळेत मात्र रशियन शिकायचं. १८७६ च्या हुकुमाने तर युक्रेनी पुस्तके छापण्यावरही कडक बंधने आली. इतिहासात कीव शहराचे जुने राज्य असायचे, पण मॉस्कोच्या गोष्टीची सुरुवात म्हणून. पुढे कीवकडच्या लोकांचं काय झालं, ते त्यात नाहीच!

ह्रुशेव्स्कींनी तेच शोधायला घेतले. १८९४ साली ते ल्विव्ह येथे प्राध्यापक झाले. ते शहर ऑस्ट्रियाच्या राज्यात असल्यामुळे तेथे युक्रेनी भाषेत शिकवता येई. त्यांनी युक्रेनचा मोठा इतिहास लिहिला. त्याचे १० खंड झाले. पण एवढे जाड ग्रंथ मुलं कशी वाचणार? बंदी सैल झाल्यावर १९०७ साली त्यांनी जुन्या काळाविषयी सोप्या भाषेत छोटे पुस्तक काढले. १९११ साली सचित्र इतिहास आला. पुढे शाळेच्या अभ्यासक्रमाला धरूनही त्यांनी पुस्तक लिहिले. मला हेच फार आवडलं. एवढे मोठे प्राध्यापक, पण आमच्याएवढ्या मुलांसाठी लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९१४ मध्ये झारच्या सरकारने त्यांना पकडून दूर सिंबिर्स्कला धाडले. १९१७ साली झारची सत्ता गेली. तेव्हा कीवमध्ये लोकांच्या मध्यवर्ती सभेचे ते अध्यक्ष झाले. नंतर काही वर्षे परदेशी राहून १९२४ साली ते परत आले. पण १९३१ मध्ये सोव्हिएत सरकारनेही त्यांना अटक केली व कीव सोडून मॉस्कोला राहायला लावले. डोळे अधू झाले, तरी लिहिणं काही थांबलं नाही. नोव्हेंबर १९३४ मध्ये ते वारले.

दहावा खंड त्यांची मुलगी कातेरिना हिने तयार केला, तो १९३६ साली छापला गेला. दोन वर्षांनी तिलाही पकडून नेले. ती परत आली नाही.

त्यांची पुस्तके पुष्कळ वर्षे तिथल्या वाचकांना मिळत नव्हती. १९९० च्या सुमारास ती पुन्हा छापली. तिकडच्या पैशाला ह्रिव्निया म्हणतात. आता ५० ह्रिव्नियांच्या नोटेवर ह्रुशेव्स्कींचे दाढीवाले चित्र आहे.

— इयत्ता सातवी