अक्षय्य ठेवा: पंडिता रमाबाईंचे चरित्र

पंडिता रमाबाईंचे नाव ज्याने ऐकले नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत सापडणे कठीण. त्यांची विद्वत्ता, स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी केलेले श्रम, केडगावचे मुक्तिसदन ह्यांविषयी पाठ्यपुस्तकांतून थोडेबहुत वाचावयास मिळते. ह्या लेखात आम्ही त्यांच्या चरित्राची एकच बाजू पाहणार आहोत, ती म्हणजे पैशाशी त्यांचा संबंध. आमच्या तळोज्यात हा विषय घरोघर निघतो. जेथे भाताची खाचरे होती तेथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली, भूखंड पडले, 2023 साली बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रोही धावू लागली. जमिनीला भाव आला आणि कोठे कोठे भावाभावांतले बोलणे बंद पडले. मुले हे सर्व ऐकत वाढतात. म्हणून हे चरित्र त्यांच्यापुढे ठेवावेसे वाटते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकनिंदा सोसावी लागली, पण ते डगमगले नाहीत. पुढे ते सहकुटुंब तीर्थयात्रेस निघाले. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगावे, लोक देतील त्यावर निर्वाह करावा आणि हाती येईल त्यातून दानधर्म करावा, असा त्यांचा क्रम होता.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. त्या दिवसांची हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेविली आहे. दागिने विकले, किमती वस्त्रे विकली, चांदीची, पुढे तांब्यापितळेची भांडीही विकली, आणि तो पैसा देवकार्यात व ब्राह्मणांना दान देण्यात शेवटच्या नाण्यापर्यंत वेचला. व्रते केली, जप केले. देव प्रसन्न होईल आणि गेलेले धन परत देईल, अशी त्यांची आशा होती. मोलमजुरी करणे पंडिताच्या कुळास शोभत नव्हते. अखेर ही माणसे अरण्यात गेली आणि अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला व मूठभर रानखजूर ह्यांवर राहिली. 1874 साली वडील वारले, त्यांच्यामागून थोड्याच काळात आई व थोरली बहीण गेली.

अनंतशास्त्र्यांना कोणी लोभी म्हणू नये. सर्वस्व देऊन टाकणाऱ्याला लोभी म्हणणे हा अन्याय होईल. तरी विचारी वाचकाला येथे थांबावे लागते. दानाच्या मागे परतफेडीची अपेक्षा असली, तर ते दान आणि व्यवहार ह्यांत अंतर किती? हा प्रश्न एकाच धर्माच्या लोकांना लागू आहे असे आम्ही मानीत नाही. दशांश मंदिरात टाकून मुलाच्या नोकरीची हमी मागणारे आमच्याच मंडळीत आहेत. प्रभू येशूने विधवेच्या दोन लहान नाण्यांची थोरवी गायिली. तिने त्यांबद्दल काही मागितल्याचे शुभवर्तमानात आढळत नाही.

आईबापांमागे रमाबाई व बंधू श्रीनिवास देशभर पायी हिंडले. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून ही भावंडे खड्डा खणून, वाळू गळ्यापर्यंत ओढून घेत. 1878 साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्यानंतर बंधूचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह, मनोरमेचा जन्म आणि 1882 मध्ये वैधव्य, हे सर्व दोनतीन वर्षांत होऊन गेले.

पुण्यास त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून 1883 मध्ये इंग्लंड गाठले. त्याच वर्षी त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींनी त्यांस लंडनमधील फुलहम येथे एक आश्रम दाखविला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची त्या ठिकाणी मायेने शुश्रूषा चाले. ज्यांच्याकडून काहीच परत मिळावयाचे नाही त्यांच्यासाठी कोणी इतके करते, हे पाहून रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला. आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ येथे आहे.

1886 साली त्या अमेरिकेस गेल्या. गावोगाव व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, आणि बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास गेले. आता रमाबाईंच्या हातून मोठमोठ्या रकमा जाऊ लागल्या. अंगावर मात्र साधे पांढरे लुगडे. संस्थेस पुढे कोणावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून त्यांनी केडगावास जमीन घेऊन फळझाडे लाविली. ही दूरदृष्टीही ध्यानात घेण्यासारखी आहे. निर्लोभी मनुष्य म्हणजे हिशेब न ठेवणारा उधळ्या, असा समज आमच्या काही विद्यार्थ्यांत दिसतो. रमाबाईंचा कारभार तसा नव्हता.

1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. अमेरिकेहून येणारा पैसा शारदासदनातील ठरावीक विधवांपुरता होता. अधिक एका तोंडासही कोणी वचन दिलेले नव्हते. हिशेबी माणसाने येथे हात आखडला असता, आणि त्याला दोषही देता आला नसता. पण रमाबाईंस आपले ते अकरा दिवस आठवले. त्या स्वतः त्या प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस. इतकी माणसे शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा उत्पन्नासाठी घेतलेल्या त्या केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभारल्या गेल्या. उद्याच्या तरतुदीची जागा आजच्या भुकेल्यांना मिळाली. शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाने पीक उदंड आले तेव्हा मोठी कोठारे बांधण्याचा बेत केला होता. ही बाई त्याच्या अगदी उलट वागली.

1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. मुलींना नुसते पोसले नाही. विणकाम, शेतकाम, दुभत्याचे काम, छापखान्यातील खिळे जुळविणे असे नाना उद्योग शिकविले. काम करणे कमीपणाचे मानून ज्या घरातील माणसे उपाशी मेली, त्या घरातील मुलीने हे केले, हे विसरू नये. 1907 साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली आणि तिच्या नावातच अक्षय्य ठेव्याचा उल्लेख घातला.

शेवटची अनेक वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातील बाईलाही ते समजावे, एवढाच हेतू. 1921 मध्ये कार्याचा भार उचलणारी एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्यानंतरही काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे रमाबाई निवर्तल्या. ते शास्त्र दोन वर्षांनी, मुक्तिसदनाच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून छापून निघाले.