कर्मयोगी श्री संत गाडगेबाबा

महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्रांची यात्रा करणाऱ्या भाविकास पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी एक नाव धर्मशाळेच्या दारावर हमखास भेटते. ते नाव श्री संत गाडगेबाबांचे होय. आपल्या संतांनी अभंग रचले, ओव्या रचल्या, भाष्ये लिहिली. गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या नावावर एकही ग्रंथ नाही. त्यांनी मागे ठेवले ते नदीचे घाट, यात्रेकरूंचे निवारे, सदावर्ते, गोरक्षण आणि शाळा-वसतिगृहे. आज आपण ज्या पथारीवर निःशंकपणे पाठ टेकतो, ती पथारी पूर्वी गरीब वारकऱ्यास सहज मिळत नसे, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना ध्यानात ठेवावी.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या पर्वावर, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर आणि बाळाचे नाव डेबूजी. झिंगराजी हे कष्टाळू गृहस्थ होते, परंतु मद्याच्या व्यसनाने त्यांचा संसार धुळीस मिळाला आणि त्यातच त्यांचा अकाली अंत झाला. त्या वेळी डेबूजी आठ वर्षांचे होते. सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजी मामांची गुरे राखू लागले, पुढे नांगर धरू लागले. दिवसभर शेतात राबावे आणि रात्री भजनात बसावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे सावकाराच्या कर्जात मामांची उत्तम जमीन गेली. निरक्षर माणसाचा अंगठा कोणत्या कागदावर उमटतो हे त्या माणसालाच ठाऊक नसते, हा धडा डेबूजींना घरातच मिळाला. दारू आणि कर्ज या दोन गोष्टींविषयी बाबा पुढे पन्नास वर्षे जे तळमळीने सांगत राहिले, त्याचे मूळ या घरगुती दुःखात आहे.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिली कन्या आलोका हिच्या बारशाच्या वेळची हकीकत वऱ्हाडात अद्याप सांगितली जाते. त्या काळी अशा प्रसंगी जातभाईंस मांसाहार आणि मद्य देण्याचा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडला आणि पाहुण्यांस गोड जेवण वाढले. जमलेली मंडळी नाराज झाली, कुरकुर झाली. डेबूजींनी वाद घातला नाही, मात्र बेतही बदलला नाही.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते. नदीचा काठ चिखलाचा व निसरडा. स्नान करून ओलेत्याने वर येणारे वृद्ध, लेकुरवाळ्या स्त्रिया घसरून पडत. यात्रा शेकडो वर्षांची, पडणारेही दरवर्षीचे, त्यामुळे त्याचे कोणास नवल वाटत नसे. डेबूजींना ते पाहवेना. त्यांनी स्वतः माती टाकून पायवाट नीट करण्यास प्रारंभ केला. पुढे लोकांच्या साह्याने तेथे घाट उभा राहिला. बाबांच्या सर्व कार्याची रीत या पहिल्या कामातच दिसते. दुसऱ्याची अडचण आधी दृष्टीस पडली पाहिजे, तरच तिचा परिहार करण्याची बुद्धी होते. पुण्यासाठी डोळे मिटून नदीत बुडी मारणाऱ्या गर्दीत हा एक तरुण डोळे उघडे ठेवून काठावर उभा होता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी रात्री डेबूजींनी घर सोडले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे त्यांनी अज्ञातवासासारखी भ्रमंतीत काढली. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ एक फुटके मडके. त्याच गाडग्यात भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन लागले की तेच डोक्यावर पालथे घालायचे. या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगेमहाराज म्हणू लागले. कोठे त्यांना चिंधेबुवा असेही नाव पडले. अनेकांनी त्यांना वेडा समजून हाकलून दिले. या काळात त्यांनी कोणत्या गुरूकडून दीक्षा घेतली, कोणती सिद्धी मिळवली, असे प्रश्न भाविक विचारतात. बाबांनी स्वतः कोणास गुरू केले नाही आणि कोणास शिष्य म्हणून स्वीकारले नाही.

एखाद्या गावात शिरताच ते कोणास काही न सांगता रस्ता झाडू लागत. गटारे मोकळी करीत, पाणवठ्याभोवतीचा चिखल काढीत. कोणी भाकरी देऊ केली तर आधी काम मागत. लाकडे फोडून दिल्यावरच ती घेत. झाडू मारणे हे काम हलके समजले जाते, तथापि ते मन लावून करणाऱ्याची दृष्टी सतत जमिनीवर असते आणि जमिनीवरच दीनदुबळे बसलेले असतात. देवळाच्या पायरीशी कोण उपाशी आहे, कोणाच्या अंगावर पांघरूण नाही, हे बाबांना दिसे. डोळे मिटून होणाऱ्या ध्यानाची थोरवी आपल्या शास्त्रांनी गायिली आहेच. बाबांचे ध्यान हातात खराटा घेऊन, उघड्या डोळ्यांनी चाले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

सायंकाळी झाडलेल्या त्याच जागेवर कीर्तन होई. भाषा शुद्ध वऱ्हाडी, साथीला टाळ किंवा नुसते दोन दगड. बाबा श्रोत्यांस प्रश्न विचारीत व श्रोत्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. कर्ज काढून सण करू नये, लग्नात उधळपट्टी करू नये, देवापुढे मुका जीव कापू नये, शिवाशिव पाळू नये, जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल पण मुलांस शाळेत घालावे, असा त्यांचा उपदेश असे. हसता हसता श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राही. कीर्तन संपताच लोक पाया पडण्यास धावत, तोवर बाबा दुसऱ्या वाटेने निघून गेलेले असत.

दगडाच्या देवावर खर्च करण्यापेक्षा भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, निराश्रितास निवारा द्यावा, असे ते स्पष्ट सांगत. देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्यांस हे बोल पचविणे सोपे नव्हते आणि आजही नाही. परंतु बाबा नास्तिक होते असा ग्रह कोणी करून घेऊ नये. प्रत्येक कीर्तनात नामाचा गजर होताच. आषाढी-कार्तिकीस ते पंढरपुरी जात, चंद्रभागेचे वाळवंट झाडीत आणि तेथेच कीर्तन करीत. राऊळात मात्र ते जात नसत असे सांगतात.

त्या राऊळात प्रवेश नसलेले वारकरी पुष्कळ होते. ज्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्या ज्ञातीतील भक्तांना आत जाण्यास मज्जाव होता. मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून पुढे साने गुरुजींना उपोषण करावे लागले आणि १९४७ मध्ये ते दार उघडले. दर्शनाचा प्रश्न असा बिकट; पण मुक्कामाचा प्रश्न त्याहून रोजचा. दर्शन एक वेळ कळसाचे घेता येते, पावसात लेकरांना कोठे निजवावे? आषाढीच्या पावसात या लोकांस कोणी ओसरीवर घेत नसे. बाबांनी वर्गणी मागून १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे इतर ज्ञातींच्या यात्रेकरूंसाठीही धर्मशाळा झाल्या. ज्ञातीनिहाय धर्मशाळा बांधणे हे बाबांच्या विचारात बसणारे नव्हते, परंतु त्या काळाची समाजस्थिती पाहून त्यांनी आधी छप्पर दिले. १९४९ मध्ये चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याची वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, यात बाबांना मोठा संतोष वाटला.

दानशूर मंडळींनी विशेष लक्ष द्यावे असा भाग म्हणजे बाबांचा पैशाचा व्यवहार. लक्षावधी रुपयांची कामे त्यांच्या शब्दावर उभी राहिली, पण ते स्वतःजवळ पैसा बाळगीत नसत. दात्याचे दान त्या त्या कामाच्या विश्वस्तांकडे जाई. ज्या कामासाठी पैसा आला तो त्याच कामी लागला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. धर्मशाळा इतरांच्या लेकरांसाठी होत्या, स्वतःच्या कुटुंबास त्यात हक्क नव्हता. कुंताबाईंचे आयुष्य झोपडीत आणि कष्टात गेले. बाबांच्या वैराग्याचे गुणगान करताना त्या वैराग्याचा निम्मा भार या माउलीने न बोलता वाहिला, हे बहुधा विसरले जाते. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना पुत्र गोविंदाच्या निधनाची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. यास कोणी स्थितप्रज्ञता म्हणतात, कोणास ही कठोरता वाटते. ज्याने वाटेवरचा परका अनाथही आपला मानला त्या पित्याच्या मनात त्या रात्री काय चालले असेल, याचा निवाडा आपण करू नये.

उत्तरायुष्यात थोरथोर माणसे त्यांच्याकडे ओढली गेली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांचा त्यांच्यावर लोभ होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९५४ मध्ये कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयास बाबांचे नाव दिले. शाळेत पाऊल न टाकलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयास लागले. १९५२ मध्ये सर्व संस्थांचा कारभार एकत्र पाहण्यासाठी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्या सुमारास बाबांची प्रकृतीही खालावली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर वाटेवर राहिलेल्या या यात्रिकाचा शेवटही वाटेवरच झाला. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून राबविलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव दिले गेले आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाचेही त्यांच्या नावे नामकरण झाले.

बाबांची समाधी अमरावती शहरात गाडगेनगर येथे आहे. विदर्भातील क्षेत्रांची यात्रा करणाऱ्या भाविकांनी तेथे अवश्य जावे. दरवर्षी २० डिसेंबरच्या सुमारास पुण्यतिथीचा महोत्सव होतो, कीर्तने होतात आणि अंध, अपंग व निराधारांच्या पंगती बसतात.