दारिद्र्याचे मूळ कुठे?

शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब, असे अर्थपंडित सांगत होते. १९१८ साली तरुण बाबासाहेबांनी निबंध लिहून रोग वेगळाच दाखवला. शेत लहान की मोठे हे एकरांवर नव्हे, तर बैल, अवजारे, भांडवल यांवर ठरते. जमिनीवरची रिकामी माणसे उद्योगधंद्यांत गेली पाहिजेत.

ते निबंधावर थांबले नाहीत. १९३७ साली कोकणातली खोती मोडण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. १९३८ च्या जानेवारीत हजारो कुळे मुंबईत मोर्चाने आली. त्यांत महार होते तसे कुणबीही होते. हे सोयीस्करपणे विसरले जाते! खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १९४७ साली त्यांनी मागितलेली, जातपात न पाहता कसायला द्यायची सरकारी मालकीची सामुदायिक शेती मात्र संविधानात आलीच नाही.