सम्राज्ञी अतोसाचे लपवलेले दुखणे

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी बँकेतले अनुभव लिहीन असं बहुतेकांना वाटलं असणार. पण निवृत्तीनंतर मला इतिहास वाचायचा नाद लागला. त्या वाचनात भेटलेली इराणची एक राणी काही केल्या डोक्यातून जात नाही. का जात नाही, ते शेवटी सांगतो.

तिचे नाव अतोसा. इराणचे हखामनी साम्राज्य उभे करणाऱ्या सायरस बादशहाची ही मुलगी. सायरस इ.स.पू. 530 मध्ये वारला आणि त्याचा मुलगा कंबायसिस गादीवर आला. त्याने अतोसाशी, म्हणजे बहिणीशीच लग्न केले. आपल्याला हे ऐकवतसुद्धा नाही, पण झाले तसे. इ.स.पू. 522 मध्ये इजिप्तहून परतताना कंबायसिस मेला. तोवर इकडे सायरसचा धाकटा मुलगा म्हणवणाऱ्या एकाने गादी बळकावली होती. गादीबरोबर राण्याही त्याच्याकडे गेल्या. काही महिन्यांतच दारियसने सहा साथीदारांसह त्याला ठार केले आणि स्वतः बादशहा झाला. त्यानेही अतोसाशी लग्न केले. कारण सरळ आहे. दारियस सायरसचा मुलगा नव्हता, ना नातू. सायरसची लेक राणी झाली की गादीवरचा हक्क पक्का होत होता.

तिसऱ्यांदा राणी झालेली ही बाई मात्र नुसती शिक्कामोर्तब करण्यापुरती राहिली नाही. दारियसपासून तिला चार मुलगे झाले. थोरला झर्क्सिस. पण दारियसला आधीच्या बायकोपासून तीन मुलगे होते आणि त्यातला मोठा गादी मागत होता. मी बँकेत अनेक वर्षं मयत खातेदारांच्या वारसांचे दावे हाताळले, त्यामुळे हा भाग मी जरा जास्तच चवीने वाचला! एकाचे म्हणणे, मी सर्वांत मोठा. दुसऱ्याचे म्हणणे, मी वडील बादशहा झाल्यावर जन्मलो आणि सायरसचा नातू आहे. निकाल झर्क्सिसच्या बाजूने लागला आणि इ.स.पू. 486 मध्ये तो बादशहा झाला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या मते हा वाद झाला नसता तरी गादी झर्क्सिसलाच मिळाली असती, कारण सारी सत्ता अतोसाच्या हातात होती.

आता त्याच हिरोडोटसने सांगितलेली दुसरी हकिकत. ही वारसाच्या वादाच्या बरीच आधीची. अतोसाच्या स्तनावर एक गाठ आली. गाठ लहान होती तोवर तिने लाजेखातर कोणालाच सांगितले नाही. पुढे गाठ फुटली, दुखणे पसरू लागले, तेव्हा तिने डेमोसिडीस नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावले. हा मूळचा दक्षिण इटलीतल्या क्रोटोनचा, कैदी म्हणून इराणात आलेला. दारियसचा शिकारीत निखळलेला घोटा इजिप्शियन वैद्यांकडून बरा झाला नव्हता, तो यानेच बरा केला होता. बरे केल्यास मी मागेन ते द्यायचे, अशी शपथ त्याने राणीकडून घेतली. लाज वाटावी असे काही मागणार नाही, हेही त्याने आधीच सांगून टाकले. राणी बरी झाली. त्याला हवे होते ते घरी जाणे, आणि पुढे तो निसटून क्रोटोनला पोचलाही. उपचार काय केले, ते हिरोडोटसने लिहिलेले नाही. तो कर्करोग होता की साधा गळू, यावर आजचे जाणकारही वाद घालतात.

हे वाचलं आणि मला आमची आक्का आठवली. माझी थोरली बहीण. अख्खं घर तिच्या शब्दावर चालायचं, भावजींचंसुद्धा तिच्यापुढे काही चालत नसे. पण अशीच गाठ आली तर तिने आठ महिने कोणाला सांगितलं नाही. पोटच्या मुलीलाही नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. 1997 साली ती गेली. मी दर रविवारी तिच्याकडे जेवायला जात होतो. ताट वाढताना तिचा हात अवघडलेला मला दिसला होता, आणि मी विचारलं नाही. कसं विचारायचं, हेच कळलं नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वीची सम्राज्ञी आणि माझी आक्का, दोघींच्या तोंडाला कुलूप लावलं ते एकाच गोष्टीने. अतोसाचं नशीब थोर म्हणून ती वाचली.

आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या वहिनी आता साठी-सत्तरीच्या आहेत, लेकीसुना मोठ्या झाल्या आहेत. त्यांना या म्हाताऱ्याची एवढीच विनंती, असं काही जाणवलं तर त्याच आठवड्यात घरात सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि पुरुष मंडळींनो, अवघडलेला हात दिसला तर विचारा.

रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासदांना निरोगी आयुष्याच्या मनःपूर्वक शुभेच्छा.